मुरी घरी आणण्यापूर्वी

काचेच्या पेटीत मासे पाळण्याची हौस आपल्या मराठी घरांतून आता नवी राहिलेली नाही. १९५१ साली मुंबईस तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा काचेपलीकडचा जिवंत मासा पाहणे हा प्रवासातील एक चमत्कार होता. आज लहानशा गावातही सोनेरी मासे व गप्पी विकत मिळतात. या हौसेविरुद्ध आमचे काहीच म्हणणे नाही. किंबहुना रोज अर्धी घटका पेटीसमोर शांत बसणारे मूल निरीक्षणाचा जो धडा घेते, तो आम्हां शिक्षकांना वर्गात देणे कठीण जाते. परंतु पेटीतील पाणी एकदा स्थिरावले, चार मासे रमले, की आणखी काही आणून सोडावे असा मोह होतो; आणि मग दुकानातील तळाशी वावरणारा, पट्ट्यापट्ट्यांचा, मिशाळ लोच मासा दृष्टीस भरतो. नवा लोच पेटीत सोडणे हे वाटते तितके सोपे काम नव्हे, आणि त्यात केवळ आपल्या घराचाच प्रश्न गुंतलेला नाही, हे आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

लोच कुळातील मासे आपल्या ओढ्यानद्यांतून पुष्कळ आढळतात. अनेक ठिकाणी त्यांस मुरी म्हणतात. अंग निमुळते, तोंडाभोवती मिशा, आणि त्या मिशांनी तळाची वाळू चाचपून अळ्या, किडे व लहान गोगलगाई शोधण्याची सवय, ही त्यांची ओळख. दुकानांतून विशेष मागणी असते ती पट्टेवाल्या मुरीस. शास्त्रज्ञ तिला बोटिया स्ट्रायाटा म्हणतात. नारायण राव यांनी १९२० साली तुंगा नदीतील नमुन्यांवरून तिचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. तुंगा ही भद्रेस मिळून तुंगभद्रा होते व शेवटी कृष्णेत विलीन होते. आमच्या बेळगाव भागातील मलप्रभा आणि घटप्रभा याही कृष्णेकडेच धावतात. म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत जो परदेशी पाहुणा वाटतो, तो वस्तुतः आपल्याच खोऱ्यातला, सह्याद्रीच्या कुशीतला रहिवासी आहे.

हा रहिवासी आज संकटात आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने पट्टेवाल्या मुरीची गणना धोक्यात आलेल्या जातींत केली आहे. २००५ ते २०१२ या काळात संकटग्रस्त अशा ३० जातींचे १५ लाखांहून अधिक गोडे मासे भारतातून परदेशी गेले. त्यांत सर्वांत मोठा वाटा ज्या मोजक्या जातींचा होता, त्यांतील एक ही मुरी. बाजारात येणाऱ्या या मुऱ्या बहुतेक नदीतूनच धरलेल्या असतात. यास्तव आपल्या पेटीत एक मेली आणि आपण दुसरी आणली, की त्या दुसरीची भरपाई शेवटी नदीलाच करावी लागते.

आमच्या घरी कोकणी बोलतात. कोकणीत मासळीस ‘नुस्तें’ म्हणतात, आणि नुस्तें म्हटले की आम्हांस प्रथम ताटच आठवते. मासे खाणाऱ्यांनी माशांविषयी कळवळा दाखवावा, हे कोणास विसंगत वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. जो मासा खाल्ला जातो तो कुटुंबाचे पोषण करतो. जो पेटीत ठेवला जातो त्याचे पोषण आपल्याकडे येते. त्याला स्वतः अन्न शोधता येत नाही, घाण पाण्यातून दूर जाता येत नाही. ती जबाबदारी त्याला बंदिस्त करणाऱ्यानेच घेतली पाहिजे.

ही जबाबदारी खरेदीच्या आधी सुरू होते. पेटी नवी असेल तर चार ते सहा आठवडे थांबावे. माशांच्या मलमूत्रातून निघणारा अमोनिया विषारी असतो. सूक्ष्म जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर बऱ्याच निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, आणि या जीवाणूंची वस्ती वाढण्यास इतका अवधी लागतोच. पाणी नुसते नितळ दिसते म्हणून ते निर्दोष ठरत नाही. तळाशी बारीक, गुळगुळीत वाळू असावी, कारण टोकदार खडीने मिशा झिजतात. लपण्यास दगडांच्या कपारी असाव्यात, आणि पेटीस झाकण असावे; मुऱ्या उडी मारतात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दुसरे भांडे. नव्या मुऱ्या तीन ते चार आठवडे वेगळ्या पाण्यात ठेवाव्यात. नदीतून दुकानापर्यंतच्या प्रवासात त्यांची उपासमार झालेली असते. पुष्कळांच्या पोटात जंत असतात. अंगावर पांढरे ठिपके उमटविणारा रोगही त्यांस लवकर जडतो. त्यांचे खवले अतिशय बारीक असल्यामुळे कडक औषधे व मीठ त्यांस सोसत नाही, म्हणून उपचार बेताने, वेगळ्या भांड्यातच करावे लागतात. डोळ्याखाली त्यांस एक उभारता येणारा काटा असतो. तो जाळीत अडकून मासा जखमी होतो, तेव्हा त्यांस वाडग्यात घेऊनच हलवावे. शिवाय मुरी कळपात राहणारी आहे. एकटी आणली तर ती दिवसभर दडून बसते. पाच-सहा एकत्र आणाव्यात, आणि तितक्यांस तीन फूट लांबीची पेटी नसेल तर मुळीच आणू नयेत.

एका बोटभर माशासाठी एवढा व्याप कशाला, असे काही पालक विचारतील. त्यांचा प्रश्न रास्त आहे. मध्यम स्थितीतील कुटुंबास दुसरी पेटी परवडत नाही. पण दुसरे भांडे म्हणजे पेटीच हवी असे नाही. मोठी स्वच्छ बादली, हवेचा पंप, स्पंजाची गाळणी व वर झाकण इतके पुरते. नळाचे पाणी आदल्या दिवशी उघडे भरून ठेवले म्हणजे त्यातील क्लोरीन उडून जातो. खरी अडचण पैशाची नसून धीराची आहे. वस्तू घरात आली की ती त्याच संध्याकाळी पाहुण्यांस दाखवावी, या अधीरतेपायी तीन आठवडे कोणास नको असतात.

ज्यांस तेवढे थांबणे शक्य नाही, त्यांनी पिंजऱ्यात नव्हे तर पेटीतच जन्मलेले गप्पी पाळावेत; त्यांतही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र नको झालेला कोणताही मासा ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नये. पेट्यांतून सुटलेल्या परदेशी सकर माशांनी आपल्या देशातील कित्येक जलाशयांत ठाण मांडले आहे, हे उदाहरण पुरेसे आहे.

आणि मुरी पाहण्याची ज्या विद्यार्थ्यांस मनापासून इच्छा आहे, त्यांनी पावसाळा ओसरल्यावर वडीलधाऱ्यांसह जवळच्या उथळ, स्वच्छ ओढ्यावर जावे. काठावर हालचाल न करता थोडा वेळ बसावे. वाळूच्या रंगाची एखादी मुरी दगडाखालून निघून तळ चाचपू लागेल. ती पाहावी, वहीत तिचे चित्र काढावे, आणि रिकाम्या हातांनी घरी यावे.