फाइल हाती, पण माहिती कुठे?

स्तनाच्या कर्करोगाचे निदान डॉक्टरांच्या खोलीत होते. पुढची खरी परीक्षा घरी सुरू होते. डॉक्टरांनी दिलेल्या दहा-पंधरा मिनिटांत 'कॅन्सर' या शब्दापुढचे फारसे काही ऐकूच आलेले नसते. अहवाल इंग्रजीत असतात आणि फाइल नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात. 'तिला एवढ्यात काही सांगू नका,' अशी विनंती नातेवाइकांनी आधीच करून ठेवलेली असते. संध्याकाळपर्यंत शेजारीपाजारी, भावकी आणि मोबाइल यांचे सल्ले सुरू होतात. सुई टोचली की गाठ पसरते, केमोनेच माणूस जातो, अमुक गावचा वैद्य झाडपाला देऊन गाठ जिरवतो. यातले खरे काय आणि खोटे काय, हे ठरवण्याचे कोणतेही साधन त्या बाईच्या हाती आपण दिलेले नसते.

हा प्रश्न थोड्याथोडक्या स्त्रियांचा नाही. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रियांचा त्याने बळी घेतला. निदानानंतर किमान पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण श्रीमंत देशांत ९० टक्क्यांहून अधिक, तर भारतात सुमारे ६६ टक्के असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उशिरा निदान आणि अर्धवट सुटणारे उपचार ही या तफावतीची मोठी कारणे. या दोन्हींच्या मुळाशी पैशाच्या चणचणीइतकाच माहितीचा अभाव असतो. तिशी ओलांडलेल्या स्त्रियांच्या स्तनतपासणीचा कार्यक्रम केंद्र सरकारने २०१६ मध्ये आखला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयोगटातील शंभरातल्या एका स्त्रीचीही अशी तपासणी कधी झालेली नव्हती.

पोकळी राहिली की तिथे अफवा शिरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीचा स्तनाचा कर्करोग कडुनिंब, हळद, लिंबूपाणी आणि पथ्याच्या आहाराने बरा झाल्याचे सांगितले. त्यांच्या पत्नीवर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेली होती, आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने होता, असा खुलासाही नंतर झाला. पण चित्रफीत घरोघरी पोहोचली, खुलासा तेवढा पोहोचला नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांना, असल्या दाव्यांवर विसंबून उपचार लांबवू नका, असे निवेदन काढावे लागले. कर्करोग बरा करण्याच्या औषधांची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्यानेच मनाई आहे. मोबाइलवरून फिरणाऱ्या संदेशांपुढे हा कायदा लुळा पडतो.

म्हणून खरी माहिती आधी पोहोचली पाहिजे, आणि ती सोप्या मराठीत हवी. गाठीचा तुकडा काढून तपासल्याने कर्करोग पसरत नाही. त्या तपासणीशिवाय उपचारच ठरवता येत नाहीत. स्तनाचा कर्करोग हा एकच आजार नाही. ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्यांवरून त्याचा प्रकार कळतो आणि औषधे त्यानुसार बदलतात. त्यामुळे शेजारणीला जे औषध दिले ते आपल्याला का नाही, या शंकेचे उत्तर बहुधा त्या अहवालातच असते. सुरुवातीच्या टप्प्यातील गाठ असेल, तर पुष्कळदा संपूर्ण स्तन काढावा लागत नाही. गाठ काढून किरणोपचार दिले तरी जगण्याची शक्यता तेवढीच राहते, हे अमेरिकेतील बर्नार्ड फिशर आणि इटलीतील उम्बेर्तो वेरोनेसी यांच्या चाचण्यांतून, वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००२ मध्ये पक्के झाले. असा पर्याय असतो, हे माहीतच नसलेल्या स्त्रिया आजही शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातात.

रुग्णालयातून सुटी मिळाली म्हणजे आजाराची गोष्ट संपत नाही. काखेतील गाठी काढल्या असतील तर हात सुजू शकतो. व्यायाम आणि काळजी शिकवली तर त्रास आटोक्यात राहतो. हार्मोनची गोळी अनेकींना पाच ते दहा वर्षे रोज घ्यावी लागते. अंगातून वाफा येतात, सांधे दुखतात आणि 'आता बरी झाले' म्हणून गोळी परस्पर बंद होते. त्रास डॉक्टरांना सांगितला असता तर बहुधा काही मार्ग निघाला असता. गेलेले केस, ब्लाउज कसा शिवायचा, नवऱ्याशी संबंध, मुलीलाही हा आजार होईल का ही धास्ती, हे प्रश्न तर डॉक्टरांसमोर ओठांवरही येत नाहीत.

असे प्रश्न त्याच वाटेने गेलेल्या बाईला मात्र विचारता येतात. १९५२ मध्ये स्तन काढावा लागलेल्या न्यूयॉर्कच्या तेरेसे लॅसर यांनी शस्त्रक्रिया झालेल्या इतर स्त्रियांना रुग्णालयात जाऊन भेटायला सुरुवात केली. डॉक्टरांना ते प्रारंभी रुचले नव्हते. पुढे त्यातूनच जगभर पसरलेली चळवळ उभी राहिली. आपल्याकडे १९५१ मध्ये स्थापन झालेली इंडियन कॅन्सर सोसायटी, १९९४ मध्ये कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी मुंबईत सुरू केलेले व्ही केअर फाउंडेशन यांसारख्या संस्था रुग्णांना आधार देण्याचे काम करतात. मात्र असा आधार मोठ्या शहरांभोवतीच एकवटलेला आहे. हिंगोलीच्या किंवा गडचिरोलीच्या बाईने तो कुठे शोधायचा?

यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमधील दीड लाख स्त्रियांवर केलेला वीस वर्षांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी निव्वळ हाताने केलेल्या तपासणीमुळे आजार लवकरच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमधील मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. या सेविका तपासणीबरोबरच आजाराविषयी समजावूनही सांगत. साध्या प्रशिक्षणावर आणि विश्वासावर एवढे साधत असेल, तर तीच रीत निदानानंतरही का वापरू नये?

कर्करोगावर उपचार करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने निदानाच्या दिवशीच रुग्णाच्या हाती मराठी पुस्तिका द्यावी. तीत आजाराचा प्रकार, टप्पा, उपचारांचा क्रम आणि कोणत्या त्रासासाठी लगेच यायचे, हे लिहिलेले असावे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून काय मिळेल हे समाजसेवा अधीक्षकांनी त्याच दिवशी सांगावे. जिल्हा रुग्णालयांत बऱ्या झालेल्या स्त्रियांची ठरलेल्या वारी बैठक व्हावी आणि आशाताईंना पाठपुराव्याचे प्रशिक्षण व मोबदला मिळावा. कुटुंबांनीही फाइल त्या बाईच्या हातात द्यावी. आजार तिचा आहे. तो समजून घेण्याचा पहिला हक्कही तिचाच आहे.