विश्लेषण : जुनी सुबारू घरीच दुरुस्त करावी का?

अमेरिकेतल्या रस्त्यांवर धावणाऱ्या मोटारींचे सरासरी वय २०२४ मध्ये १२.६ वर्षांवर पोहोचले. नवी गाडी महाग, कर्जावरचे व्याज चढे आणि मेकॅनिकच्या तासाचा दर त्याहून चढा. त्यामुळे जुनी गाडी आणखी चार वर्षे ओढायची आणि जमेल ती दुरुस्ती स्वतः करायची, हा तिथल्या असंख्य घरांचा हिशेब आहे. शिकायला किंवा नोकरीला गेलेली मराठी मुलेही पहिली गाडी बहुधा सेकंडहँडच घेतात. बर्फाच्या प्रदेशात, म्हणजे व्हरमाँट, मेन, कोलोरॅडो किंवा वॉशिंग्टन राज्यात ती सुबारू असण्याची शक्यता बरीच असते. अशी गाडी घराच्या अंगणात दुरुस्त करणे शहाणपणाचे आहे का? आहे, पण कोणते काम घरी करायचे आणि कुठे थांबायचे हे ठाऊक असेल तरच. जुन्या सुबारूबाबत हे ठाऊक करून घेता येते. नव्या गाड्यांच्या बाबतीत तशी खात्री देता येत नाही, आणि खरी काळजी तीच आहे.

सुबारू वेगळी कशी?

आपण ज्याला कृत्तिका म्हणतो, त्या तारकापुंजाचे जपानी नाव सुबारू. बोधचिन्हातही सहा तारे आहेत. १९५३ मध्ये पाच कंपन्या एकत्र येऊन फुजी हेवी इंडस्ट्रीज ही सहावी झाली, त्याची ती खूण. मूळ घराणे नाकाजिमा या विमान कंपनीचे. २०१७ मध्ये कंपनीने सुबारू हेच नाव घेतले.

यंत्राच्या अंगाने दोन गोष्टी वेगळ्या. पहिली, बॉक्सर इंजिन. बहुतेक गाड्यांत सिलिंडर उभे असतात, इथे ते दोन्ही बाजूंना आडवे झोपलेले असतात आणि पिस्टन समोरासमोर हलतात. १९६६ च्या सुबारू १००० पासून कंपनीने ही रचना सोडलेली नाही. दुसरी, चारही चाकांना कायम ताकद देणारी यंत्रणा. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेत विकलेल्या जवळपास सगळ्या सुबारूंत ती आहे, बीआरझेड ही स्पोर्ट्स मोटार हा ठळक अपवाद. बर्फात गाडी पकड सोडत नाही ती यामुळे. पण जुन्या सुबारूची बहुतेक दुखणीही याच दोन गोष्टींतून निघतात. म्हणून ती आधीच ठाऊक असतात, आणि घरी काम करणाऱ्याला याचा मोठा फायदा होतो.

हेड गॅस्केटची एवढी भीती का?

इंजिनाचा ठोकळा आणि त्यावरचे हेड यांच्यामध्ये जी पातळ पट्टी असते ती हेड गॅस्केट. एका बाजूला पेटलेला वायू, दुसरीकडे ऑइल, तिसरीकडे कूलंट. तिघांना वेगळे ठेवणे हे तिचे काम. बॉक्सर इंजिनात हा सांधा उभा असतो, त्यामुळे त्याची खालची कड सतत ऑइल आणि कूलंटच्या सहवासात राहते.

अडीच लिटरच्या ईजे मालिकेतील इंजिनांत हे दुखणे दोन प्रकारचे. १९९६ ते १९९९ च्या दोन कॅमशाफ्टवाल्या इंजिनांत गळती बहुधा आतल्या आत होते. वायू कूलंटमध्ये घुसतो, बाजूच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत बुडबुडे येतात आणि लांबच्या चढावर तापमानाचा काटा वर जातो. त्यानंतर सुमारे २०११ पर्यंतच्या एका कॅमशाफ्टच्या इंजिनांत गळती बहुधा बाहेर होते. खालच्या कडेवर आधी ओल, मग थेंब. पहिला प्रकार गाडी रस्त्यात उभी करतो. दुसरा महिनोन्‌महिने सांगत राहतो, मालकाने खाली वाकून पाहायला हवे.

इथेच घरच्या तपासणीचे मोल कळते. इंजिनाच्या बाजूला ऑइल दिसले की गॅरेजवाला हेड गॅस्केट म्हणतो आणि मोठ्या रकमेचा आकडा सांगतो. पण अनेकदा ते ऑइल व्हॉल्व्ह कव्हरच्या रबरी गॅस्केटमधून आलेले असते. ते गरम एक्झॉस्टवर पडते आणि सिग्नलला थांबल्यावर जळका वास येतो. हे गॅस्केट स्वस्त आणि घरी बदलण्याजोगे. इंजिन आधी पुसून कोरडे करायचे, आठवडाभर गाडी चालवायची आणि ओल वरून उतरली की खालच्या सांध्यातून आली ते पाहायचे. आतल्या गळतीचा संशय असेल तर रेडिएटरच्या तोंडाशी धरायची रासायनिक चाचणी दुकानात मिळते; निळे द्रव पिवळे पडले की कूलंटमध्ये वायू आहे हे नक्की. एवढे करून गॅरेजमध्ये जाणाऱ्या मालकाला सहज फसवता येत नाही.

गॅस्केट खरेच गेले असेल तर? सुबारूचे इंजिन बाहेर काढणे इतर अनेक गाड्यांच्या मानाने सोपे, म्हणून हौशी मंडळी तेही घरी करतात. पण हेडची सपाटी तपासून ती घासून घेणे मशीन शॉपचे काम आहे, आणि जुन्या धाटणीचीच गॅस्केट परत बसवली तर दुखणे पुन्हा येऊ शकते. अनेक पोलादी थरांची गॅस्केट घालायची, हे जाणत्यांचे सर्वसाधारण मत. पहिल्यांदाच पाना हातात घेणाऱ्याने या कामाच्या वाटेला जाऊ नये.

घरी कोणती कामे जमतात?

ऑइल बदलणे हे पहिले. इंजिनात साधारण चार लिटर ऑइल बसते. एक चूक मात्र इतक्या जणांनी केली आहे की ती आधीच सांगायला हवी. खालून पाहिल्यावर एकाहून अधिक ड्रेन प्लग दिसतात आणि घाईत इंजिनाऐवजी गिअरबॉक्सचे तेल उपसले जाते. मग इंजिनात दुप्पट ऑइल आणि गिअरबॉक्स कोरडा. त्यामुळे प्लग नीट ओळखावा, निघालेल्या तेलाचा रंग पाहावा, मगच नवे ओतावे.

एअर फिल्टर, केबिन फिल्टर, बॅटरी, दिवे, वायपर ही तासाभराची कामे. स्पार्क प्लग बाजूंना असल्याने हात अडतो; बॅटरी आणि काच धुण्याच्या पाण्याची टाकी काढली की जागा होते. प्लग इंजिन थंड असतानाच काढावेत, नाहीतर ॲल्युमिनियममधले आटे जातात. ब्रेक पॅडही जमतात, मात्र पहिली खेप जाणत्या माणसाच्या देखत व्हावी.

कूलंट बदलताना हवा अडकते, ही बॉक्सरची जुनी खोड. वरच्या कोपऱ्यातला हवेचा प्लग उघडून सावकाश भरावे, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवावे आणि थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी. ही हवा राहिली की गाडी तापते आणि मालक उगाच हेड गॅस्केटला दोष देत बसतो. जुने कूलंट उघड्यावर ठेवू नये. त्याची चव गोडसर असते, कुत्री-मांजरे ते चाटतात आणि मरतात.

‘चेक इंजिन’चा दिवा लागला की घाबरायचे कारण नाही. १९९६ पासून अमेरिकेतल्या प्रत्येक मोटारीत ओबीडी-२ हे जोडणीचे ठिकाण सक्तीचे आहे. स्वस्तातले ब्लूटूथ यंत्र तिथे लावले की मोबाइलवर दोषाचा क्रमांक येतो. पण क्रमांक म्हणजे निदान नव्हे. जुन्या सुबारूंत पी०४२० हा क्रमांक नेहमी दिसतो. तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे काम मंदावल्याचे सांगतो, पण कारण कधी सेन्सर असतो, तर कधी एक्झॉस्टमधली गळती. महागडा कन्व्हर्टर विकत घेण्याआधी ही दोन्ही कारणे तपासावीत.

टायमिंग बेल्ट घरी बदलावा का?

ईजे इंजिनात साखळी नाही, दात असलेला रबरी बेल्ट आहे. कंपनीने दिलेली मुदत १ लाख ५ हजार मैलांची, म्हणजे सुमारे १ लाख ६९ हजार किलोमीटर, किंवा १०५ महिने. जे आधी होईल ते. अडीच लिटरच्या या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन बसते. रनिंग कमी आहे म्हणून निर्धास्त राहणारे इथेच फसतात. पंधरा वर्षांच्या गाडीतला पहिलाच बेल्ट रनिंग कितीही असो, बदलायला हवा.

धीर असलेल्या माणसाला हे काम एका दिवसात जमते. सबंध संच घ्यावा. बेल्टसोबत ताण देणारा टेन्शनर, पुल्या आणि वॉटर पंपही बदलावा, कारण पंप याच बेल्टवर फिरतो. अडचण खुणांची आहे. चाकांवर बाणही असतात आणि बारीक रेषाही. जुळवायच्या त्या रेषा. बाण पाहून बेल्ट बसवला की वेळ चुकते. इंजिन सुरू करण्याआधी पान्याने दोन पूर्ण फेरे हाताने फिरवून पाहावे. कुठे अडले तर जोर लावू नये. २०११ ते २०१३ च्या दरम्यान मॉडेलागणिक एफबी मालिकेची इंजिने आली, त्यांत साखळी आहे. जुनी सुबारू घेताना हा फरक पाहूनच भाव करावा.

चारही टायर सारखेच का हवेत?

चारही चाके एकमेकांशी जोडलेली असल्याने एका टायरची झीज वेगळी असून चालत नाही. टायरांच्या घेरातला फरक पाव इंचाच्या, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरच्या आत असावा, असे कंपनी सांगते. एकच नवा टायर घातला की मधल्या डिफरन्शियलला सतत वेगांचा फरक झेलावा लागतो आणि ते तापून बिघडते. पार्किंगमध्ये स्टीअरिंग पूर्ण वळवून सावकाश जाताना गाडी अडखळत असेल तर हेच दुखणे समजावे. टायर ठरावीक अंतराने आलटून-पालटून लावणे हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि तोच सर्वांत जास्त टाळला जातो.

कुठे थांबावे?

जिथे चूक झाली तर फक्त पैसे जातात, तिथे शिकायला हरकत नाही. जिथे जीव जातो, तिथे हात घालू नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. सपाट जमीन, चाकांना अटकाव आणि दोन मजबूत स्टँड हवेतच. बर्फाळ राज्यांत रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने गाडीचा तळ गंजतो. जॅक लावायची जागाच कुजलेली नाही ना, हे आधी पाहावे. गंजलेल्या ब्रेक नळ्या, पेट्रोलची लाइन आणि एअरबॅग ही घरची कामे नव्हेत. ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगच्या रिकॉलमध्ये २००३ ते २०१४ दरम्यानच्या अनेक सुबारूही होत्या. ती दुरुस्ती डीलरकडे फुकट होते. जुनी गाडी घेतल्या दिवशीच तिचा चासी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकून रिकॉल बाकी आहे का, ते पाहावे.

कायदा कोणाच्या बाजूने?

अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. केवळ बाहेर किंवा घरी दुरुस्ती केली, म्हणून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. मॅसॅच्युसेट्सने २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. डीलरला मिळणारी माहिती आणि साधने मालकाला व स्वतंत्र गॅरेजलाही वाजवी दराने मिळावीत, हा त्याचा गाभा. २०१४ मध्ये कंपन्यांनी तेच तत्त्व देशभर मान्य केले. आज सुबारूची मूळ सर्व्हिस मॅन्युअल अल्पमुदतीचे शुल्क भरून कोणालाही पाहता येतात.

पण त्या कायद्यातून गाडीतून बिनतारी जाणारी माहिती सुटली होती. २०२० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सुमारे ७५ टक्के मतदारांनी तीही खुली करण्याच्या बाजूने कौल दिला. कंपन्यांची संघटना न्यायालयात गेली. सुबारूने त्या राज्यात विकल्या जाणाऱ्या २०२२ च्या मॉडेलांत ही जोडसेवाच बंद ठेवली. सायबर सुरक्षेची चिंता खोटी नाही, पण माहिती वाटून घेण्याऐवजी सुविधाच काढून घेणे हे ग्राहकाला धडा शिकवण्यासारखे झाले. नव्या गाडीत समोरची काच बदलली तरी कॅमेऱ्यांची जुळणी करून घ्यावी लागते. तिथे पाना पुरत नाही, कंपनीची परवानगी लागते.

आपला काय संबंध?

फॉरेस्टर ही सुबारू या शतकाच्या पहिल्या दशकात भारतातही विकली गेली, पण शेवरोले या नावाने. तेव्हा जनरल मोटर्सची फुजी हेवी इंडस्ट्रीजमध्ये भागीदारी होती. पुढे ती संपली, आणि २०१७ अखेर जनरल मोटर्सने भारतातली विक्रीही थांबवली. कंपनी गेली तरी मालक मागे राहतात. त्यांच्या हाती सुटे भाग आणि माहिती एवढेच उरते.

ही माहिती इथेही सहज मिळालेली नाही. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजना सुटे भाग आणि तपासणीची साधने न देणे, हा मुख्य ठपका होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. कंपनीने माहिती दिली नाही तर काय, याचे उत्तर कायद्यातच असावे लागते.

आपल्याकडे नाक्यावरचा फिटर आवाज ऐकून दोष सांगतो, याचे आपल्याला कौतुक असते. त्याचे कसब टिकायचे तर गाडी त्याला उघडता आली पाहिजे. जुनी सुबारू वीस वर्षे चालते याचे श्रेय जितके जपानी अभियंत्यांना, तितकेच तिची दुखणी उघडपणे नोंदवून ठेवणाऱ्या मालकांना आणि मेकॅनिकना आहे. यापुढे गाडी घेताना मायलेजसोबत आणखी दोन प्रश्न विक्रेत्याला विचारावेत : हिचे मॅन्युअल मला मिळेल का, आणि कंपनीबाहेरचा माणूस ही दुरुस्त करू शकेल का? त्याने उत्तर टाळले, तर ती गाडी किती वर्षे चालवायची हे आपण ठरवणार नाही, कंपनी ठरवेल.