छतावर ऊन, घरात अंधार

भर दुपारी वीज जाते. छतावर तीन किलोवॅटचा सौरसंच तळपत असतो आणि खाली घरातला पंखा मात्र थांबलेला असतो. हौसेने सौरसंच बसविणाऱ्या अनेक कुटुंबांना हा अनुभव येतो आणि मग आपण फसलो, असे त्यांना वाटू लागते. वस्तुतः बॅटरी नसलेला, ग्रिडला जोडलेला संच वीज जाताच आपोआप बंद होतो. तसा तो झाला नाही, तर दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनच्या प्राणांवर बेतेल. दोष यंत्राचा नाही. विकणाऱ्याने त्याची रीत सांगितली नाही आणि घेणाऱ्याने ती विचारली नाही, हा खरा दोष आहे.

२०२४ साली सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेने एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवले आणि तीन किलोवॅटच्या संचासाठी ७८ हजार रुपयांचे अनुदान देऊ केले. हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु अनुदानातून यंत्र मिळते, जाण मिळत नाही. ज्याच्या छतावर संच आहे, पण ज्याला त्याचा हिशेब ठाऊक नाही, तो ऊर्जेच्या बाबतीत पूर्वीइतकाच परावलंबी राहतो.

हा हिशेब अवघडही नाही. महाराष्ट्रातील उन्हात एक किलोवॅटचे पॅनेल सरासरीने दिवसाला चार युनिट वीज देते. म्हणजे शंभर वॅटचे एक पॅनेल गळती वजा जाता सुमारे तीनशे वॅट-तास देईल. नऊ वॅटचे तीन एलईडी दिवे आणि २८ वॅटचा एक पंखा पाच तास चालविण्यास एवढी वीज पुरते. जोडीला चार्ज कंट्रोलर, १२ व्होल्टची ६० अँपिअर-अवरची बॅटरी आणि बॅटरीलगत एक फ्यूज असला की झाले. दिवे व पंखा १२ व्होल्टवर चालणारे घ्यावेत, पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे असावे, त्यावर पाण्याच्या टाकीची सावली पडू नये आणि धूळ नियमित पुसली जावी. आयटीआयचा विद्यार्थी आपल्या आजोबांना सोबत घेऊन हा संच एका रविवारी उभा करू शकेल. ग्रिडची जोडणी व उच्च दाबाच्या तारा मात्र परवानाधारक तंत्रज्ञाकडेच सोपवाव्यात. स्वावलंबन म्हणजे अविचारी धाडस नव्हे.

पवनऊर्जेविषयी अधिक सावध राहावे लागते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातील शक्ती आठपट होते; त्याच न्यायाने वेग निम्मा झाला तर शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्या तेथील वारा पाहून. इमारतींच्या गर्दीत अडलेल्या, भोवऱ्यांत सापडलेल्या वाऱ्यावर छोटी पवनचक्की शोभेपुरतीच उरते. मात्र उघड्या माळावरच्या वा डोंगरमाथ्यावरच्या घराला ती उपकारक ठरू शकते, कारण आषाढात ढगांनी सूर्य झाकला जातो, तेव्हाच वारा जोरात असतो. तेथेही आधी वर्षभर वारा मोजावा, मगच पैसे घालावेत.

ही विद्या केवळ अभियंत्यांची आहे, असेही कोणी समजू नये. राजस्थानातील तिलोनिया येथील बेअरफूट कॉलेजने अल्पशिक्षित, प्रसंगी निरक्षर ग्रामीण स्त्रियांना सौरदिवे जोडण्याचे व दुरुस्त करण्याचे शिक्षण दिले. रंग ओळखून तारा जोडणाऱ्या त्या हातांनी गावेच्या गावे उजळली. जे त्या भगिनींना साधले, ते आपल्या शाळा-महाविद्यालयांतील मुलांना का साधू नये?

प्रत्येक शाळेने वर्षातून एकदा मुलांकडून असा एक छोटा संच जोडून घ्यावा, तो बिघडू द्यावा आणि त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्यावा. सूर्य कोणाकडून देयक मागत नाही. तो केवळ समजून घेण्याचे कष्ट मागतो. ते कष्ट टाळणाऱ्याच्या छतावर ऊन असेल, पण घरात अंधारच राहील.