श्रद्धेला पूर्वसूचनेची अट

धर्मांतरविरोधी कायदे नवे नाहीत. ओरिसाने १९६७ मध्ये, मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये ते केले. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ते वैध ठरविले. त्यांचा रोख बळजबरी व फसवणुकीवर होता. उत्तर प्रदेशाचा २०२१ चा कायदा मात्र स्वेच्छेने धर्म बदलणाऱ्यालाही ६० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळविण्यास आणि पोलीस चौकशीस सामोरे जाण्यास भाग पाडतो. २०२४ च्या दुरुस्तीने तक्रारीचा अधिकार आप्तांपुरता न ठेवता कोणाही त्रयस्थाला दिला; कमाल शिक्षा जन्मठेपेपर्यंत नेली. नागरी संघटनांची चिंता येथेच आहे. संविधानाचे २५ वे कलम सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य देते. ते प्रशासनाच्या फायलीवर अवलंबून राहिले, तर हक्क आणि परवानगी यांतील सीमारेषाच पुसली जाईल.