बाजू डावीच, मरण वेगळे



जपानातही गाडी आपल्यासारखी डावीकडूनच चालते. १९७० साली तिथे रस्त्यावर १६,७६५ माणसे मेली. त्याच वर्षी सरकारने वाहतूक सुरक्षेचा मूलभूत कायदा केला, पायी चालणाऱ्यांसाठी पदपथ बांधले, सिग्नल उभारले. २०२२ साली हा आकडा २,६१० वर आला. त्या वर्षी भारतात मेले १,६८,४९१. आपली लोकसंख्या जपानच्या अकरापट, मरण पन्नासपटीहून जास्त!

कायदा आपल्याकडेही आहे, १९८८ चा. मालाच्या गाडीत माणसे भरू नयेत, हे तो सांगतो. पण दिवाळीनंतर पोशेऱ्याची माणसे वीटभट्टीला निघतात ती टेम्पोतून, बिऱ्हाडासकट. आपल्याकडे कापूस वेचायला मजूर येतात तेही तसेच. याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी मोखाड्याच्या घाटात एकदा एसटीची वाट पाहावी. २०१९ साली दंड वाढवला. दंडाने एसटी येत नाही.

मेळाव्यात मागणी ठेवायची ती हंगामात जादा एसटीची. आणि तोवर ट्रॉलीमागे, बैलगाडीमागेही, लाल चकाकणारी पट्टी लावल्याशिवाय रात्री जिनिंगच्या रस्त्याला लागू नका.