आधी गेज, मग पहिला पीस



भोसरी असो, सातपूर असो, वाळूज असो की कोल्हापूरची शिरोली, जॉबवर्क सुरू करणाऱ्या नव्या माणसाची खरेदीची यादी बहुतेक सारखीच असते. मशीन, टूलिंग, कॉम्प्रेसर, व्हर्नियर, मायक्रोमीटर. थ्रेड गेज त्या यादीत सहसा नसतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "कस्टमरकडून मागून घेऊ," नाहीतर "बोल्ट लावून बघतो ना आम्ही!"

माझं मत स्पष्ट आहे. आट्यांचं काम घेणार असाल तर त्या आट्यांचं स्वतःचं गेज हातात आल्याशिवाय पहिला पीस मशीनवर चढवू नका. आणि गेजचा खर्च कोटेशनमध्ये धरल्याशिवाय भाव देऊ नका. का, ते आकड्यांतच बघू.

बोल्ट कधी "नाही" म्हणत नाही

नेहमी लागणारा साईझ घेऊ, एम १० × १.५. ड्रॉइंगवर होलसाठी ६ एच लिहिलेलं असतं. म्हणजे आट्यांचा पिच डायमीटर ९.०२६ ते ९.२०६ मिमीच्या आत हवा. पिच डायमीटर म्हणजे आट्याच्या उतारावर जिथे धातूची जाडी आणि खाचेची रुंदी सारखी होते, तिथला व्यास. बाजारातला साधा बोल्ट सहसा ६ जी मध्ये बनतो, त्याचा पिच डायमीटर ८.८६२ ते ८.९९४ मिमी.

आता वजाबाकी करा. सगळ्यात जाड बोल्टसुद्धा सगळ्यात घट्ट चालणाऱ्या होलपेक्षा ०.०३२ मिमी, म्हणजे ३२ मायक्रॉन, बारीक आहे. तुमचं होल थोडं लहान झालं तरी बोल्ट आत जाऊ शकतो. होल मोठं झालं तर आणखी मजेत जातो. तुम्ही "बसला!" म्हणून माल पाठवता आणि कस्टमरच्या इन्स्पेक्शनमध्ये अख्खा लॉट अडकतो. मग परतीचं भाडं, सॉर्टिंगची मजुरी आणि वर डेबिट नोट. पहिल्या तीन-चार ऑर्डरमध्ये हे झालं तर छोट्या युनिटचा वर्षाचा नफा तिथेच संपतो.

गेजला दोन बाजू असतात. गो बाजू हाताने, जोर न लावता, पूर्ण लांबी आत गेली पाहिजे. ती गेली म्हणजे आटे लहान नाहीत. नो-गो बाजू अडली पाहिजे. दोनपेक्षा जास्त आटे आत शिरली तर होल मोठं झालंय, पीस बाजूला काढा. बाहेरच्या आट्यांसाठी असंच रिंग गेज असतं. तिथे गो रिंग फिरत जायला हवी आणि नो-गो रिंग अडायला हवी.

आणि ते पात्यांचं पिच गेज? ते फक्त पिच ओळखतं, १.५ आहे की १.२५. साईझ बरोबर आहे की नाही, हे ते सांगू शकत नाही. त्यावर माल पास करू नका.

जिथे थ्रेड गेजही फसतं

टॅप लवकर मोडू नये म्हणून ऑपरेटर मोठं ड्रिल वापरतो, ही गोष्ट प्रत्येक शॉपमध्ये दिसेल. एम १० ला ८.५ चं ड्रिल हवं, तो ८.८ चं लावतो. टॅप लोण्यासारखा चालतो. थ्रेड प्लग गेजची गो बाजू जाते, नो-गो अडते. सगळं छान! पण आतला व्यास, म्हणजे मायनर डायमीटर, ८.३७६ ते ८.६७६ मिमीच्या आत हवा होता. आट्यांची उंचीच कमी झाली, पकड कमी झाली. थ्रेड गेज हे पकडत नाही, कारण ते मायनर डायमीटर तपासायला बनलेलंच नाही. त्यासाठी साधं, बिनआट्यांचं प्लग गेज वेगळं लागतं. थ्रेड गेज घेताना हेही सोबत घ्या.

दुसरी जागा प्लेटिंगची. स्टड किंवा बोल्टवर ८ मायक्रॉन झिंक चढलं, तर पिच डायमीटर ८ ने नाही, त्याच्या चौपट, म्हणजे ३२ मायक्रॉनने वाढतो. कारण थर तिरक्या उतारावर बसतो आणि दोन्ही बाजूंना बसतो. वर बोल्ट ३२ मायक्रॉन बारीक असतो असं पाहिलं, आठवतंय? म्हणजे ती सगळी जागा प्लेटिंगने खाल्ली. प्लेटिंगआधी गो रिंगमधून जेमतेम गेलेला माल प्लेटिंगनंतर त्याच रिंगमध्ये जाणार नाही. म्हणून ऑर्डर घेतानाच विचारा: गेजिंग प्लेटिंगआधी की नंतर, आणि नंतर असेल तर कोणत्या गेजने? हे उत्तर पीओवर लिहून घ्या. तोंडी नको.

कस्टमरचं गेज आहे की!

"साहेब, गेज कस्टमर देतो, आपण कशाला पैसे घालायचे?" हा प्रश्न मला नेहमी येतो. प्रश्न चुकीचा नाही, सुरुवातीला प्रत्येक रुपया मोजून वापरावा लागतो. पण विचार करा. उसनं गेज आलं नाही तर तुमचं मशीन उभं. हरवलं तर भरपाई तुमची. आणि वापरून झिजलेलं आलं तर धोकाही तुमचाच. गो प्लग झिजला की तो बारीक होतो आणि थोडी लहान होलंही पास करायला लागतो. तुमच्याकडे झिजलेलं गेज आणि तिकडे इन्स्पेक्टरच्या हातात नवं कोरं असेल, तर तुमचा "ओके" माल तिकडे रिजेक्ट होणार. जुन्या टूलरूमची पद्धत उलटी असायची, नवं गेज कारागिराला आणि थोडं वापरलेलं, पण मर्यादेतलं, इन्स्पेक्टरला. आपण तेच करायचं. आपलं गेज कस्टमरच्या गेजपेक्षा कडक ठेवायचं.

खर्चाचा हिशोब असा करा. समजा, दोन्ही प्लग गेज आणि कॅलिब्रेशन मिळून ४,००० रुपये झाले आणि ऑर्डर ५,००० पीसची आहे. पीसमागे ८० पैसे. हे ८० पैसे कोटेशनमध्ये उघडपणे दाखवा. समंजस कस्टमर त्यावर घासाघीस करत नाही, उलट या माणसाला काम कळतं असं त्याला वाटतं.

घेताना आणि वापरताना

नुसतं "एम १० चं गेज द्या" म्हणू नका. साईझ, पिच आणि टॉलरन्स तिन्ही ड्रॉइंगवरून वाचून सांगा. पाइपचे आटे असतील तर आणखी सावध राहा. अर्ध्या इंचाच्या बीएसपी आणि एनपीटी दोन्हींत इंचाला १४ आटे असतात, पण एकाचा कोन ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६०. जोडणी लागल्यासारखी वाटते, प्रेशर आलं की गळते. गेजसोबत एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट घ्या. पुढचं कॅलिब्रेशन कधी, हे वापर बघून ठरवा. रोज हजार पीस तपासणाऱ्या गेजला वर्षभर थांबायला लावू नका.

वापरताना होल आधी साफ करा, बुरादा काढा, मशीनवरून उतरलेला गरम पीस थंड होऊ द्या. गेज अडलं तर पाना लावून फिरवू नका, गेज म्हणजे टॅप नव्हे. काम झालं की पुसून, हलकं तेल लावून डब्यात. आणि लॉट संपल्यावर एकदम तपासण्यापेक्षा ऑपरेटरने ठरावीक पीसनंतर तिथेच तपासावं. टॅप झिजतोय हे विसाव्या पीसला कळलं तर वीस पीस तपासायचे, लॉटच्या शेवटी कळलं तर सगळे.

आज एवढंच करा. हातातल्या ऑर्डरची ड्रॉइंग्ज काढा, त्यातल्या प्रत्येक आट्यासमोर "माझं गेज आहे / नाही" असं लिहा. जिथे "नाही" आलं, तिथे तुम्ही माल नाही, अंदाज पाठवताय.