कुदळवाडीनंतर : तीन सरकारे आणि एक भंगाराचा गाळा

८ फेब्रुवारी २०२५ रोजी पिंपरी-चिंचवड महापालिकेचे जेसीबी चिखली-कुदळवाडीत शिरले आणि पुढच्या आठवड्याभरात चार हजारांहून अधिक बांधकामे जमीनदोस्त झाली. आठशेहून अधिक एकरांवर पसरलेली ही वसाहत म्हणजे भंगाराची गोदामे, पत्र्याचे शेड, लहान वर्कशॉप, लाकडाच्या वखारी, प्लास्टिक दळणाऱ्या मशिनी. यातले बरेच धंदे आपल्या समाजाचे होते हे सांगायला नको. ज्यांचा माल वेळेत हलला त्यांचे भांडवल वाचले, ज्यांचा हलला नाही त्यांचा माल पत्र्यांखाली गेला. या गोष्टीला आता बराच काळ लोटला आहे. रागाच्या भरात जे बोलायचे ते सर्वांनी बोलून घेतले. आता थंड डोक्याने एक प्रश्न विचारला पाहिजे. हे असे का झाले, आणि उद्या दुसऱ्या ठिकाणी होणार नाही याची तजवीज कोणी करायची?

आधी आपल्या पदरातले दोष पाहू. कुदळवाडीत आगी लागत होत्या. ९ डिसेंबर २०२४ रोजी लागलेल्या आगीत अनेक गोदामे खाक झाली आणि धुराचे लोट कित्येक मैलांवरून दिसत होते. अरुंद गल्ल्या, शेडला लागून शेड, आत तेलाचे डबे, रबर, फोम आणि थिनर. अग्निशमन दलाचा बंब आत वळवायलाच जागा नव्हती. त्याआधी ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात वाढदिवसाच्या केकवरच्या फुलझाड्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागून गरीब कामगार बायका होरपळून मेल्या. 'आम्ही पोट भरत होतो, आमचा काय गुन्हा' एवढे म्हणून या आगींचा हिशेब मिटत नाही. कारवाईच्या वेळी परके, घुसखोर असे शब्दही उठवले गेले. ती बडबड बाजूला ठेवली तरी आगीचा मुद्दा खरा होता आणि खराच राहतो.

पण मग दुसरा हिशेबही मांडू. एका भंगारवाल्याच्या गाळ्यात किती सरकारे येतात ते मोजा. १० ऑक्टोबर २०२४ पासून धातूच्या भंगारावर केंद्राने नवा नियम लावला. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून माल घेतला तर जीएसटी घेणाऱ्याने भरायचा. म्हणजे केंद्राच्या लेखी भंगाराचा धंदा हा रीतसर धंदा आहे, त्याच्याकडून कर घ्यायचा आहे. जुन्या गाड्या मोडण्याच्या केंद्रांचे नियम २०२१ साली आले, तेही केंद्राचेच. प्रदूषण नियंत्रण मंडळ राज्याचे, कारखान्यातल्या सुरक्षिततेचे संचालनालय राज्याचे, विजेचे मीटर देणारी महावितरण राज्याची. परवाना, रस्ता, गटार आणि अग्निशमनाचा दाखला महापालिकेकडे. एकाच गाळ्यावर एक सरकार कर घेते, दुसरे वीज देते आणि तिसरे म्हणते की हा गाळा अस्तित्वातच नाही. या तिघांनी एका टेबलाभोवती बसून 'भंगाराचा धंदा या शहरात कुठे बसवायचा' हा प्रश्न सोडवल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

आणि हा प्रश्न काही काल पडलेला नाही. एमआयडीसी १९६२ ची. पिंपरीत कारखाने आले, मागून चाकणला आले. कारखाना म्हटला की बरी निघणार, कापलेला पत्रा निघणार, तुटकी पॅलेट, ड्रम, खोके निघणार. ते उचलणारा माणूस हा त्या कारखान्याचाच शेवटचा विभाग आहे, फक्त त्याचे नाव हजेरीपटावर नाही. एमआयडीसीने मोठ्यांसाठी भूखंड पाडले. उचलणाऱ्याने जागा शोधली ती जवळच्या गावच्या शेतजमिनीत, भाड्याने, अकरा महिन्यांच्या करारावर किंवा नुसत्या शब्दावर. चिखली १९९७ मध्ये महापालिकेत आली, तेव्हा नियोजन करायला वेळ होता. तो गेला. अनधिकृत बांधकामांवर शास्ती लावण्यात आली, पुढे २०२३ मध्ये ती माफ झाली. पुष्कळांना वाटले की कर भरला म्हणजे बांधकाम पक्के झाले. कायदा तसे म्हणत नाही. कर भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, हे त्याच कायद्यात लिहिलेले आहे. पावती दाखवून जेसीबी थांबत नाही, हा धडा महागात पडला.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये जेसीबी फिरले तेव्हा शहराला एकही नगरसेवक नव्हता. वॉर्डातला माणूस कोणाकडे जाणार? १९९३ पासून अमलात आलेली ७४ वी घटनादुरुस्ती शहराचा कारभार निवडून आलेल्यांच्या हाती द्यायला सांगते. इथे जवळजवळ सगळे निर्णय एका खुर्चीतून झाले.

शहराला अलीकडे 'तग धरणारे शहर' बनवायचे अशी भाषा ऐकू येते. पूर, आग, पाणीटंचाई आली तरी शहर उभे राहिले पाहिजे, धंदा पुन्हा सुरू झाला पाहिजे, हा त्याचा अर्थ. पण वरच्या आणि खालच्या सरकारांची गाठ न बसता केलेली कामे कशी बुडतात याचे उदाहरण आपल्याच दारात आहे. पवना धरणातून निगडीपर्यंत बंद नळातून पाणी आणायचे ठरले. पैसा केंद्राच्या नेहरू अभियानातून, मंजुरी राज्याची, काम महापालिकेचे. नळ ज्यांच्या शेताशेजारून जाणार त्या मावळच्या शेतकऱ्यांचा विश्वास मात्र कोणी मिळवला नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी ठार झाले. काम थांबले ते थांबलेच. स्थगिती उठायला २०२३ साल उजाडले. मधल्या काळात, नोव्हेंबर २०१९ पासून, शहरात दिवसाआड पाणी सुरू झाले. पाणी तीन सरकारांनी मिळून आणायचे होते, पण चौथ्याला, म्हणजे गावाला, कोणी बोलावलेच नाही.

उलट उदाहरण सुरतचे घ्या. जरीचे, कापडाचे, हिऱ्याचे शहर, कारागिरांचे शहर. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडले गेले आणि तापीच्या पुरात शहराचा मोठा भाग बुडाला. हेच तापीचे पाणी आपल्या जळगाव जिल्ह्यातून खाली जाते. नुकसान व्यापाऱ्यांचे सर्वांत जास्त झाले, म्हणून व्यापारीही पुढे झाले. पुढे महापालिका, राज्याचे जलसंपदा खाते आणि दक्षिण गुजरातचा व्यापारी चेंबर यांना एकत्र आणणारा ट्रस्ट उभा राहिला. धरणाच्या वर किती पाऊस पडतो, किती पाणी सोडणार, शहरात कधी पोहोचणार, याची आगाऊ सूचना देण्याची पद्धत बसवली गेली. सुरतेत पुराचे संकट संपले असे नाही. पण माल वरच्या माळ्यावर चढवायला काही तास हाती मिळणे ही दुकानदाराच्या दृष्टीने केवढी मोठी गोष्ट आहे! आपल्याकडे पवना, मुळा आणि इंद्रायणीच्या काठी जुलै २०२४ मध्ये पाणी घरादारांत शिरले. धरण जलसंपदा खात्याचे, नदीकाठ महापालिकेचा, पूररेषा पुन्हा जलसंपदाची, आणि बुडणारा गाळा आपला.

आता कायद्यात एक नवी जागा तयार झाली आहे, तिच्याकडे व्यापाऱ्यांनी लक्ष द्यावे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्यात जिल्ह्याचे प्राधिकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती होते, शहराला स्वतंत्र स्थान नव्हते. २०२५ च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली. महापालिका आयुक्त अध्यक्ष, जिल्हाधिकारी उपाध्यक्ष, बाकीचे सदस्य राज्य सरकार ठरवणार. बाकीचे सदस्य, हे शब्द महत्त्वाचे. तिथे अग्निशमन अधिकारी असतील, पोलीस असतील, हे ठीकच. पण ज्या धंद्यांत आग लागते त्यांचा एक माणूस तिथे नको का? फेरीवाल्यांच्या २०१४ च्या कायद्यात नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के जागा निवडून आलेल्या फेरीवाल्यांना दिल्या आहेत. हातगाडीवाल्याला जे मिळाले ते गोदामवाल्याला का मिळू नये, हे आमदार-खासदारांना विचारायला हरकत नाही.

मात्र तिथे जाऊन बसायचे तर कागद लागतात. कुदळवाडीत हजारो धंदे होते, पण 'आमच्यात किती गाळे, किती कामगार, कोणता माल' याची एक यादी आपल्याकडे तयार असती तर बोलणी वेगळी झाली असती. उद्यमची नोंदणी १ जुलै २०२० पासून मोफत आणि ऑनलाइन आहे. आपल्यातले कितीतरी अजून एजंटाला पैसे देऊन करतात किंवा करतच नाहीत. जुम्म्याच्या नमाजनंतर बाहेर उभे राहून महापालिकेला नावे ठेवण्यात जो वेळ जातो, त्यात एका गल्लीची यादी लिहून होते. एकट्याने दिलेला अर्ज टेबलावर पडून राहतो, नोंदणीकृत संघटनेच्या पत्राला आवक क्रमांक मिळतो.

चाकणची गोष्ट तर आजच बोलली पाहिजे, कारण कुदळवाडीतून उठलेला धंदा हवेत विरलेला नाही, तो आसपास जागा शोधतच असणार. चाकणला नाशिक महामार्ग आणि तळेगाव-शिक्रापूर रस्ता हे दोन्ही राष्ट्रीय महामार्ग. वसाहतीतले रस्ते एमआयडीसीचे. गावात २०१५ पासून नगरपरिषद, भोवती म्हाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी अशा ग्रामपंचायती. बांधकामाची परवानगी त्याच वर्षी स्थापन झालेल्या पीएमआरडीएकडे. पोलीस २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे. एका चौकातली कोंडी सोडवायला पाच-सहा कार्यालये लागतात, तिथे भंगाराच्या गोदामांची काळजी कोण वाहणार? शेतकऱ्याकडून भाड्याने गुंठे घ्यायचे, पत्रे ठोकायचे आणि वीस वर्षांनी पुन्हा जेसीबीची वाट पाहायची, हेच सुरू होईल.

म्हणून मागणी साधी आहे. पीएमआरडीए आणि एमआयडीसीने मिळून चाकणच्या पट्ट्यात भंगार आणि पुनर्वापराच्या धंद्यांसाठी वेगळी जागा आखावी. लहान गाळे, रुंद रस्ते, पाण्याची टाकी, आगीचा बंब वळेल एवढी मोकळी जागा, आणि भाडे असे की पाच-सात कामगारांचा धंदा परवडला पाहिजे. मोठ्या कारखान्यांनी आपला टाकाऊ माल याच वसाहतीत द्यावा, अशी अट राज्याने घालावी. केंद्राने जुन्या गाड्या मोडण्याचे नियम केलेच आहेत, मग त्या मोडण्यासाठी लहान माणसाला जागा मिळवून देणे हेही त्याच धोरणात यावे. पावसाळ्याआधी ही मागणी लेखी स्वरूपात आयुक्त, जिल्हाधिकारी आणि पीएमआरडीए या तिघांच्या कार्यालयांत एकाच दिवशी द्यावी, आणि तिन्ही ठिकाणचे आवक क्रमांक जपून ठेवावेत.